वकिलाच्या भिंतीतलं बी-ट्वेल्व्ह

डॉक्टर : भिंतीत म्हणजे?

बायको : भिंतीत म्हणजे भिंतीत, डॉक्टर. वकिलाच्या बैठकीच्या खोलीत शिरलं की डाव्या हाताची. माझी सगळी इंजेक्शनं तिथं आहेत.

नवरा : सगळी नाहीत. एक सांडलं.

डॉक्टर : काका, मागच्या खेपेला मी चिठ्ठी तुमच्याच हातात दिली होती. लाल बाटल्या विकत घ्यायच्या आणि दर आठवड्याला इथं येऊन एक टोचून घ्यायची. त्याच्या जोडीला पिवळी गोळी रोज. काकूंच्या रक्तात बी-ट्वेल्व्ह औषधालाही शिल्लक नव्हतं. आणि ते तुम्ही भिंतीला दिलंत?

नवरा : भिंतीला मुद्दाम नाही दिलं. आधी विचार केला. त्यातून जे उरलं ते भिंतीला दिलं.

डॉक्टर : कसला विचार?

बायको : थांबा, मी सांगते. ह्यांना सांगू दिलंत तर प्रायमरपासून सुरुवात करतील. आमचं रंगाचं दुकान. पुढं हे रंग कालवतात, मागच्या खोलीत मी पडदे शिवते. ह्या माणसाला जगात रंगापलीकडं काही दिसतच नाही. टोमॅटो आणायला पाठवलं तर एकाच शेडचे निवडून आणतात, त्यातले निम्मे कच्चे. तर मला जिना चढताना धाप लागायला लागली. जीभ सोलल्यासारखी झाली, साधा चहासुद्धा झोंबायचा तोंडाला. हे मी ह्यांना सांगून सांगून थकले, ह्यांनी ‘हं’ म्हणून झाकण बडवायला घेतलं. आणि एक दिवस सकाळी दुकानाच्या दारात उन्हाला जरा टेकले, तर ह्यांच्या हातातला डबाच खाली आला. म्हणतात, अगं, तुझा रंग उतरलाय. शेडकार्ड काढलं आणि लावलं की माझ्या गालाला. भर रस्त्यात.

नवरा : उजेड तिथंच असतो. ट्यूबलाइटखाली रंग खोटं बोलतो.

बायको : येणारेजाणारे उभे राहून बघताहेत. कुणी म्हणतं त्याच्या वरची पट्टी लावा, कुणी म्हणतं खालची. माझी मान दुखायला लागली. शेवटी एक पट्टी जुळली, पांढऱ्यात लिंबाची झाक. तेवढ्यात पोस्टमन आला. मान तिरकी करून माझ्या गालाकडं बघितलं आणि म्हणाला, हा छान आहे, डोळ्यांना थंड वाटतो, माझ्या झोपायच्या खोलीला हाच द्या.

डॉक्टर : तुम्ही दिलात?

नवरा : गिऱ्हाईक आहे, डॉक्टर. त्यानं मागितला.

बायको : म्हणजे ह्या गावात एका पोस्टमनच्या झोपायच्या खोलीला माझा अ‍ॅनिमिया लावलाय. त्याची बायको म्हणते, पडल्या पडल्या झोप लागते. लागणारच. मलाही लागायची, उभ्या उभ्या.

डॉक्टर : पण काका तुम्हाला त्याच दिवशी घेऊन आले होते. आठवतंय मला. दार न वाजवताच आत आले होते.

बायको : हो, ते खरं. दुकान उघडं टाकून आले. तेवढं श्रेय देते.

नवरा : घाबरलो होतो. तो लिंबाचा पांढरा वाईट असतो. त्याच्यानंतर राखाडीच येतो.

डॉक्टर : मग एवढे घाबरलात, तर औषध का नाही दिलंत?

नवरा : दिलं. पिवळं दिलं. रोज, न चुकता, माझ्या हातानं. तुम्ही जरा समजून घ्या. घरी येऊन मी दोन्ही औषधं टेबलावर मांडली. कुठलाही रंग डब्यात टाकायच्या आधी बाजूला एक नमुना काढायचा, ही आमची रीत. थोडा पांढरा बेस घेतला, त्यात लाल बाटलीतले चार थेंब सोडले. गुलाबी झाला. झकास गुलाबी, पण गुलाबी. आता माझी बायको जन्मात कधी गुलाबी नव्हती. मग पिवळी गोळी कुटली, दुसऱ्या वाटीत मिसळली. आणि डॉक्टर, काय सांगू, तोच रंग. ही पहिल्यांदा दुकानात आली होती ना, लग्नाच्या आधी, खिडकीच्या गजांना रंग न्यायला, तेव्हा उन्हात जशी दिसली होती, अगदी तोच. मी वाटी घेऊन बसूनच राहिलो.

डॉक्टर : म्हणून तुम्ही लाल बंद केलं.

नवरा : बंद नाही केलं, बाजूला ठेवलं. लिंबू हा थंड पिवळा. त्याला ऊबदार पिवळ्यानंच मारावं लागतं. मध्येच लाल टाकला की नारिंगी होतो, मग तो काही केल्या परत येत नाही. म्हटलं, पहिला हात पिवळ्याचा देऊ. गरज पडली तर दुसरा हात लालचा.

डॉक्टर : काका, काकू माणूस आहेत. डबा नाही.

नवरा : ते कळतं मला.

बायको : आणि काकूंनी ऐकून घेतलं का, असं विचाराल, तर हो, घेतलं. मला सुईचं नाव काढलं तरी घाम फुटतो. हे म्हणाले, लाल नको, मी म्हटलं, सुंठीवाचून खोकला गेला. शहाण्या माणसानं विचारलं असतं की तुमचं दुकान रंगाचं की औषधाचं. मी विचारलं नाही. आणि वर आमचं नशीब असं की गुण आला.

नवरा : आला की नाही? तुम्हीच बघा, डॉक्टर, चेहरा बघा. महिन्याभरात लिंबू गेला. मग ओठ आले, मग नखं आली. कार्ड लावा हवं तर, मी आणलंय.

डॉक्टर : ठेवा ते खिशात. मी रक्ताचा रिपोर्ट बघितलाय. रक्त भरलंय, हे खरं आहे.

नवरा : ऐकलंस?

बायको : ऐकलं. पुढचंही ऐका. तर हे असे खूश झाले की काही विचारू नका. जे गिऱ्हाईक येईल त्याला मागच्या खोलीत आणायचे. मी मान खाली घालून पडदा शिवतेय आणि हे दारात उभे राहून माझं वर्णन करताहेत, आधी कशी होती, आता कशी झाली, हे बघा कानाची पाळी. एका बाईनं मला हात लावून बघितला, वाळलाय का म्हणून. आणि मग ह्यांचं लक्ष गेलं त्या लाल बाटल्यांकडं. पैशाच्या वस्तू, फुकट कशाला घालवायच्या? तेवढ्यात वकील आला. म्हणाला, बैठकीला असा रंग द्या की अशिलाला बरं वाटलं पाहिजे.

नवरा : त्यानंच तसं सांगितलं. मग बरं वाटायचं औषध हाताशी होतंच.

डॉक्टर : आणि तुम्ही ते डब्यात ओतलंत.

नवरा : पांढऱ्या बेसमध्ये. किंचित. पहाटेच्या ढगाला असते तेवढीच झाक. डॉक्टर, आजपर्यंत मी तसा रंग काढलेला नाही. वकील खुर्ची टाकून दोन दिवस भिंतीसमोर बसला होता.

बायको : माझं औषध भिंत प्यायली आणि मी शेजारी उभी राहून म्हणाले, किती छान. आता सांगा ना त्यांना पुढचं.

नवरा : पुढचं काही नाही.

बायको : भिंत उतरली. खिडकीच्या बाजूनं फिकी पडत पडत पांढरी फटक झाली. वकील नोटीस देतो म्हणतोय. ह्यांनी त्याला काय सांगावं? म्हणे, भिंतीला अशक्तपणा आलाय, थोडी विश्रांती द्या.

डॉक्टर : बी-ट्वेल्व्ह उजेडात टिकत नाही, काका. म्हणून अंधारात ठेवा असं बाटलीवर लिहिलेलं असतं.

नवरा : आधी बोलायचं होतंत. मी त्याला माजघरातली भिंत सुचवली असती.

डॉक्टर : काकू, तुम्ही आज का आलात? वकिलाच्या भिंतीसाठी तर नाही ना?

बायको : नाही. पायांसाठी आले.

नवरा : पायांचं काही नाही, डॉक्टर. दिवसभर बसून काम, त्यामुळं मुंग्या येतात. मी पाय बघितलेत तिचे. रंग उत्तम आहे.

डॉक्टर : काका, त्यांना बोलू द्या.

बायको : आधी मुंग्याच होत्या, ते बरोबर. बोटांत, मग तळव्यात. मग एक दिवस मुंग्या गेल्या. मला वाटलं, गेली पीडा. तर मुंग्यांबरोबर पायही गेले. म्हणजे आहेत, दिसतात, चालते मी त्यांच्यावर. पण कापसावर चालल्यासारखं. फरशी गार आहे की ऊन, कळत नाही. अंधारात मोरीकडं जायचं तर भिंतीला हात लावत जाते, पाय कुठं पडतो त्याचा पत्ता लागत नाही. हे मी ह्यांना सांगितलं. ह्यांनी मला उन्हात नेऊन उभं केलं आणि म्हणाले, बघ, किती तेज आलंय, तुझ्या मनाचे खेळ आहेत. शेजारीण म्हणाली, किती टवटवीत दिसतेस. भाऊ आला, तो म्हणाला, वय उतरलं की तुझं. आता अख्खं जग म्हणतंय बाई चांगली आहे, तर मी एकटीनं कुठल्या तोंडानं म्हणायचं, माझे पाय मेलेत म्हणून? मलाही वाटायला लागलं, असतील मनाचे खेळ. आरशात तर चांगलीच दिसत होते.

डॉक्टर : मग कळलं कसं?

बायको : नाटकाच्या पडद्यावरून. नाट्यगृहाचा मोठा पडदा शिवायला आला होता, दोन पाखांचा, मधून उघडणारा. मोटरची मशीन आहे माझी, पायानं पेडल दाबलं की चालते, उचललं की थांबते. मी शिवत होते, इतक्यात हे आत आले आणि आमचं काहीतरी वाजलं. कशावरून ते आता आठवत नाही.

नवरा : कात्री. रंगाच्या डब्याला कात्री लावली म्हणून.

बायको : पडदे कापायची कात्री ह्यांनी डब्याचं झाकण उघडायला नेली होती. मी पाय उचलला आणि मान वर करून भांडायला लागले. म्हणजे उचलला असं मला वाटलं. पाय होता तिथंच. हातानं कापड सरकतंय, मशीन चाललीय, आणि मोटरचा आवाज आमच्या आवाजात कुणाला ऐकू येणार? भांडण लांबलं, तशी शिलाईही लांबली. दोन्ही पाखं मधोमध शिवून गेली, वरपासून खालपर्यंत.

डॉक्टर : आणि ते तुमच्या लक्षात आलं नाही?

बायको : घडी घालून दिला तो तसाच. प्रयोगाच्या दिवशी तिसरी घंटा झाली, दोरी ओढली, पडदा उघडेना. चार माणसं लोंबकळली दोरीला. शेवटी नाटकवाल्यांनी पडद्यामागंच नाटक केलं. लोकांनी दोन तास नुसतं ऐकलं. मध्ये एकदा नायकानं खालून हात बाहेर काढून दाखवला म्हणतात. आणि तुम्हाला खोटं वाटेल, टाळ्या पडल्या. म्हणे, असा प्रयोग झाला नाही. पुढच्या प्रयोगालाही पडदा शिवलेलाच ठेवा म्हणून निरोप आला मला.

नवरा : तिकिटं संपली होती. मला उभं राहावं लागलं.

बायको : सगळे हसत होते, डॉक्टर. हेही हसले. मी एकटीच मशीनपुढं बसले, पेडलवर पाय ठेवला आणि डोळे मिटले. मग स्वतःला विचारलं, पाय पेडलवर आहे का जमिनीवर? मला सांगता आलं नाही. तेव्हा मात्र मी रडले. शिवणकाम सोडून मला दुसरं काय येतं?

नवरा : हे मला बोलली नाहीस.

बायको : तुम्ही परत उन्हात नेलं असतं.

डॉक्टर : काकू, चपला काढा, वर बसा. पाय मोकळे सोडा. हा लोखंडी चिमटा बघा, असा ठोकला की थरथरतो. मनगटाला लावते. कळतंय?

बायको : हो. गुणगुणतंय.

डॉक्टर : आता डोळे मिटा. थरथर कळली की सांगायचं. काका, तुम्ही बोलायचं नाही.

बायको : लावा ना.

डॉक्टर : लावलाय.

बायको : कुठं?

डॉक्टर : अंगठ्याला. आता?

बायको : अजून लावायचाय ना?

डॉक्टर : घोट्याला लावलाय. इथं?

बायको : नाही. … हां, आता कळलं. बारीकसं.

डॉक्टर : हा गुडघा आहे. बरं, खाली उतरा. पाय जुळवून उभ्या राहा, हात बाजूला. आता परत डोळे मिटा. काका, मागं उभे राहा.

नवरा : का?

डॉक्टर : राहा.

बायको : अहो, मी हलतेय का खोली हलतेय?

नवरा : अगं… धरलं, धरलं. डॉक्टर, ही पडत होती. जागच्या जागी, उभ्या उभ्या पडत होती.

डॉक्टर : डोळे उघडे असतात तेव्हा त्या डोळ्यांनी तोल सांभाळतात. पायांकडून काही निरोपच येत नाही वर. बसा, काकू.

नवरा : तो चिमटा मला लावा.

डॉक्टर : तुम्हाला कशाला?

नवरा : लावा. अंगठ्याला लावा, तिला लावलात तिथंच. … केवढा थरथरतो हा. अगं, तुला हे काहीच कळलं नाही?

बायको : नाही.

नवरा : पण रंग तर आला, डॉक्टर. मी रोज बघत होतो. रंग खोटा कसा असेल?

डॉक्टर : खोटा नाही. पिवळ्या गोळीनं तिचं काम केलं, रक्त सुधारलं. पण ती गोळी फक्त रक्तापुरती. नसांना लागतं ते लाल बाटलीतलं. एकटी पिवळी गोळी दिली की माणूस वरून बरा दिसायला लागतो आणि आत नसा खराब होत राहतात. रंग उतरलेला राहिला असता तर तुम्ही पुढच्याच आठवड्यात धावत आला असता. रंग आला म्हणून कुणी आलंच नाही.

बायको : दिसतं तसं नसतं.

नवरा : ओल्या भिंतीवर हात मारला मी.

डॉक्टर : काय?

नवरा : भिंतीत ओल असली की आधी ती काढायची, मग रंग. नवशिक्यालासुद्धा कळतं. वरून रंग मारला तर चार दिवस भिंत नवी दिसते, आणि आत सगळं भुसभुशीत होत जातं. दुसऱ्यानं असं केलं असतं तर मी त्याला दुकानात उभा केला नसता. आणि घरात… परत येतील का पाय?

डॉक्टर : आजपासून इंजेक्शन सुरू करू. आधी जवळजवळ, मग आठवड्याला, मग महिन्याला. बऱ्याच जणांचं बरंचसं परत येतं. हळू येतं, महिने लागतात. तेव्हाच घेतलं असतं तर सगळं आलं असतं, असं मी छातीवर हात ठेवून सांगितलं असतं. आज तसं सांगत नाही.

नवरा : म्हणजे थोडं नाहीच येणार, असंही होईल.

डॉक्टर : होऊ शकेल.

बायको : मशीनचं काय?

डॉक्टर : सध्या पायाची नको. हातानं चालवायची मिळते का बघा. पुढचं पुढं बघू. दंड मोकळा करा, काकू. तिकडं तोंड करा.

बायको : लाल आहे का?

डॉक्टर : लालच आहे.

बायको : ह्यांना बघू द्या. आपल्या डोळ्यांनी बघू द्या, कुठं जातं ते.

नवरा : बघतोय. अगं, हात सोड माझा, नख लागतंय.

बायको : लागू दे.

डॉक्टर : झालं. दाबून धरा कापूस.

बायको : एवढंच? ह्यासाठी मी भिंतीला औषध पाजलं?

नवरा : डॉक्टर, एक सांगा. बरं होतंय की नाही, हे मी कशावरून ओळखायचं? नखं बघू? टाचा बघू? तळव्याला काही झाक येते का?

डॉक्टर : काही दिसणार नाही.

नवरा : कार्ड लावूनसुद्धा नाही?

डॉक्टर : नाही. बघून कळायचं नाही हे. रोज त्यांना विचारायचं आणि त्या सांगतील ते खरं मानायचं. दुसरा उपाय नाही.

नवरा : नुसतं विचारायचं.

डॉक्टर : आणि ऐकायचं. जा आता, परवा या. बाहेर पायरी आहे, सांभाळून.

बायको : अहो, माझी चप्पल कुठं गेली?

(नवरा जमिनीवर बसतो.)

नवरा : इकडं दे पाय. मी घालतो.

बायको : उठा बघू. डॉक्टर बघताहेत.

नवरा : बघू देत. पट्टा घट्ट झाला का?

बायको : मला काय कळणार, घट्ट झाला का सैल?

नवरा : बरं. मग हे सांग. मी हात ठेवलाय, इथं, पावलावर. कळतोय का?

बायको : नाही.

नवरा : जरासाही नाही?

बायको : नाही हो. पण राहू द्या तसाच. दिसतोय मला.